नकाशातलं घर आणि जागेवरचं घर: सोलापुरात बांधकाम परवान्यापासून वापर परवान्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात संरचना अभियंता म्हणून काम करते. घराचा पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांचं डिझाइन करायचं आणि जुन्या इमारती तपासायच्या, हे माझं रोजचं काम. लोक भेटतात तेव्हा तेच ते प्रश्न विचारतात, आणि बऱ्याचदा विचारायला उशीर झालेला असतो. स्लॅब टाकून झालेला असतो, नाहीतर नोटीस दाराला चिकटवलेली असते. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. या सगळ्या उत्तरांमागे माझं सांगणं एकच आहे: मंजूर नकाशा आणि जागेवरचं काम जुळलं पाहिजे. बदल करायचाच असेल तर आधी नकाशा बदलून मंजूर करून घ्या, मग गवंड्याला सांगा.

बांधकाम नियमांची तपासणी म्हणजे नेमकं काय तपासतात?

दोन गोष्टी. पहिली, तुमचं घर शेजाऱ्याला, रस्त्याला आणि शहराला अडचण करत नाही ना. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर एखादं आरक्षण आहे का, समोरचा रस्ता किती रुंद आहे, चारही बाजूंना हद्दीपासून किती मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, सोडलंय, एकूण बांधकाम किती, उंची किती, गाड्या कुठे लागणार, हे सगळं यात येतं. दुसरी, घर आत राहणाऱ्यांसाठी सुरक्षित आहे ना. यात पाया, सांगाडा, जिना, उजेड-वारा, सांडपाणी आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट येते.

याला आधार आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. प्रत्यक्ष मापं येतात ती राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून. ही नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली आणि मुंबईसारखे काही भाग सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे. कार्यालयात तिला यूडीसीपीआर म्हणतात. सुरक्षिततेच्या बाबतीत राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस कोड पाहिले जातात.

तपासणी एकदाच होत नाही. नकाशा दाखल करताना, जोता झाल्यावर आणि काम पूर्ण झाल्यावर राहायला जाण्याचा वापर परवाना घेताना, असे तीन टप्पे आहेत. लोक पहिल्या टप्प्यावर सगळी ताकद लावतात आणि पुढचे दोन विसरून जातात.

प्लॉट लहान आहे, स्वतःला राहायला घर बांधायचंय. तरी परवाना लागतो का?

लागतो. मात्र लहान भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड कमी जोखमीच्या वर्गात येतो. तिथे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता नकाशा नियमात बसतो असं स्वतः प्रमाणित करतो, शुल्क भरलं की काम सुरू करता येतं. याचा अर्थ नियम सैल झाले असा नाही. तपासणीची जबाबदारी कार्यालयाच्या टेबलावरून तुमच्या अभियंत्याच्या सहीवर आली. त्यामुळे 'सही तेवढी मिळवून द्या, बाकी आम्ही बघतो' असं म्हणू नका. ज्याने जागा पाहिली नाही, पट्टी लावली नाही, त्याची सही घेऊन बांधलेल्या घराची खरी तपासणी कुणीच केलेली नसते.

कोणत्या दुरुस्तीला परवाना लागत नाही?

रंग, गिलावा, फरशी बदलणं, त्याच जागी दार-खिडकी नवीन बसवणं, छताची कौलं किंवा पत्रे त्याच उंचीवर बदलणं, नळ-ड्रेनेजची दुरुस्ती, फॉल्स सीलिंग. थोडक्यात, इमारतीच्या सांगाड्याला आणि बाहेरच्या रूपाला हात न लावणारं काम. एमआरटीपीच्या कलम ४३ मध्ये ही सूट आहे.

परवाना लागतो तो कॉलम-बीम-स्लॅबला हात लावताना, मजला चढवताना, जिन्याची जागा बदलताना, बाल्कनी खोलीत घेताना, गच्चीवर चार भिंती घालून खोली करताना आणि राहत्या घराचं दुकान किंवा क्लास करताना.

खरी गफलत होते ती 'एक भिंतच तर काढायची आहे' या वाक्यात. जुळे सोलापुरातल्या आरसीसी घरात चार इंची भिंत काढली तर बहुधा काही होत नाही, कारण भार कॉलमवर असतो. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, साखर पेठ इथल्या जुन्या वाड्यांत आणि माळवदी घरांत भिंतच भार घेते. एका अण्णांनी रस्त्याकडच्या दोन खणांचं दुकान करायचं म्हणून मधली भिंत निम्मी उतरवली आणि मग मला बोलावलं. मी आत गेले तेव्हा वरच्या तुळईच्या टोकाशी बोटभर फट पडली होती आणि तिच्यातून माळवदाची पांढरी माती बारीक धारेने खाली झरत होती. खाली जमिनीवर तिचा छोटा ढीग झाला होता, आणि त्याच्या शेजारी नातवाची सायकल उभी होती. घरातल्यांना बाहेर काढलं, सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी टेकू मागवून त्याच संध्याकाळी तुळई उचलून धरली, नंतर तिथे लोखंडी गर्डर घातला. एका पावसाची जरी गाठ पडली असती तर ते छत खाली आलं असतं. माळवदाची माती पाणी प्यायली की तिचं वजन किती वाढतं, हे जुन्या पेठेतल्या लोकांना मी सांगायला नको.

तेव्हा भिंत काढण्याआधी ती भार घेते की नाही एवढं तरी विचारून घ्या.

अर्ज कुठे करायचा?

महापालिका हद्दीत महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाकडे, तुमच्या आर्किटेक्टमार्फत, ऑनलाइन. नकाशा ठरलेल्या फॉरमॅटमध्ये चढवावा लागतो आणि संगणकच बरीचशी मापं तपासतो. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत भूखंड असेल तर परवानगी एमआयडीसीच देते, तिथे नियमावलीही वेगळी आहे. महापालिका हद्दीबाहेर जमीन असेल तर आधी ती कोणत्या नियोजन प्राधिकरणाखाली येते हे पाहा. मी जमीन घेण्याआधी झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढायला सांगते. दोन्ही फार खर्चिक नाहीत, आणि आरक्षणातली जमीन घेतल्यावर रडत बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

कागदपत्रं कोणती?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, मोजणी नकाशा, मंजूर लेआउट, अकृषिक वापराबाबतचा कागद, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, आर्किटेक्टचे नकाशे, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र. जागेनुसार अग्निशमन किंवा इतर ना हरकत दाखले वाढतात.

यातल्या मोजणीबद्दल थोडं जास्त सांगते. कंपाउंड आहे म्हणजे हद्द ठरली असं आपण धरून चालतो. शहराला नंतर जोडलेल्या हद्दवाढ भागात कितीतरी कंपाउंड जुन्या मालकाने दोरी लावून घातलेली असतात. प्रत्यक्ष मोजणीत दीड-दोन फूट इकडचं तिकडं निघतं आणि तेवढ्याने बाजूचं सामासिक अंतर मोडतं. घर उभं राहिल्यावर हे कळलं तर करण्यासारखं काही उरत नाही. सरकारी मोजणी आधी, पायाची आखणी नंतर.

एफएसआयचं गणित सोप्या भाषेत सांगाल का?

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्राला त्याने गुणलं की किती बांधता येईल ते कळतं. गावठाणाबाहेरच्या भागात राहण्याच्या वापरासाठी मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या भूखंडावर ११० चौरस मीटर. शिवाय अधिमूल्य भरून निवासी वापराला आणखी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. समोरचा रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरायची दारं उघडतात. रस्ता त्याहून अरुंद असेल तर ती बंद. जुन्या पेठांच्या दाट वस्तीसाठी वेगळा तक्ता आहे.

एक गोष्ट २०२० नंतर बदलली आणि अजून अनेकांना माहीत नाही. पूर्वी बाल्कनी, जिना, पॅसेज वेगळे धरून सूट मागितली जायची. आता इमारतीच्या बाह्यरेषेच्या, म्हणजे पी-लाइनच्या आतलं जवळपास सगळं मोजलं जातं. वाहनतळाचं क्षेत्र मात्र त्यात धरत नाहीत. म्हणूनच खालचा मोकळा पार्किंग मजला पुढे बंदिस्त करून गोदाम केलं की तो थेट नियमभंग ठरतो.

आमच्याकडे काळी माती आहे. माती परीक्षण खरंच लागतं का?

लागतं, आणि मी या एका प्रश्नावर कुणाशीही तडजोड करत नाही.

सोलापूरच्या बऱ्याच भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि एप्रिल-मेच्या उन्हात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर बसलं असेल तर दर वर्षी ते थोडं उचललं जातं आणि थोडं खाली बसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग जाते, दार चौकटीत अडकायला लागतं, जोत्याची फरशी मधून फुगते. लोक भेग भरून रंग देतात, दिवाळीत घर छान दिसतं आणि पुढच्या जूनमध्ये भेग परत त्याच जागी.

शेजाऱ्याला चार फुटांवर मुरूम लागला म्हणून तुम्हालाही लागेल असं नाही. जुनी विहीर बुजवलेली असते, ओढ्याची जुनी वाट असते. एका जागेवर उत्तरेच्या कॉलमला पाच फुटांवर कडक मुरूम लागला आणि दक्षिणेकडे अकरा फूट खणूनही काळी माती संपेना. मालक म्हणाले, "मॅडम, तिकडं बी पाचच फूट घ्या की, कोण बघतंय ओ." मी त्यांना खड्ड्यात उतरवलं, तळाची माती हातात घ्यायला लावली. त्यांनी ती मुठीत दाबली, तिचा पेढ्यासारखा गोळा झाला. पुढे ते काही बोलले नाहीत, खणाई चालू ठेवली.

पाया मुरमावर किंवा खडकावर टेकवा. माती फारच खोल असेल तर अंडररीम पाइलचा, म्हणजे खाली फुगीर घेर असलेल्या खोल काँक्रीटच्या खांबांचा, पर्याय आहे, त्यासाठी आयएस २९११ मध्ये पद्धत दिली आहे. जोत्याच्या भरावात खणून काढलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाकून पाणी मारून थरांनी दाबा. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी घाला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही.

सोलापुरात भूकंपाचा विचार करायची गरज आहे का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते त्यांना हा प्रश्न पडत नाही. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसं झोपेतच गेली. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं होती. भिंतींना एकमेकींशी बांधणारं काहीच नव्हतं, त्या फुटल्या आणि छत अंगावर आलं. आपल्या जुन्या पेठांतली घरं त्याच घडणीची आहेत.

आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे. तिसऱ्या क्षेत्रापासून पुढे आयएस १३९२० चे नियम आरसीसी घरांना लागू होतात. त्यात काही साध्या गोष्टी आहेत, ज्या जागेवर तुम्ही स्वतः पाहू शकता. कॉलमची लहान बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. आपल्याकडे भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची कॉलम सर्रास टाकतात, तो २३० मिलिमीटरचाच होतो. कॉलमच्या रिंगांचं टोक आत काँक्रीटच्या गाभ्यात वळलेलं असावं, १३५ अंशांत. बहुतेक ठिकाणी फिटर ते ९० अंशांत काटकोनी वळवून सोडतो, कारण तसं पटकन होतं. हादरा बसला की वरचं कव्हर सुटतं, काटकोनी टोक उघडतं, रिंग निसटते आणि सळया बाहेर फुगतात. बीम जिथे कॉलमला मिळतो त्याच्या वर-खाली रिंगा दाट हव्यात, दोन रिंगांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको.

रिंगांचे आकडे वळवायला पैसे जास्त लागत नाहीत. काँक्रीट टाकायच्या आधी जाऊन बोट लावून बघा. एकदा टाकलं की आत काय आहे ते तपासायला यंत्र लागतं.

गुंठेवारीचा प्लॉट आहे. परवाना मिळेल का?

हद्दवाढ भागातला हा सगळ्यात दुखरा प्रश्न. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूच्या गावांच्या शेतजमिनी शहरात आल्या. लेआउट मंजूर न करता गुंठा-दोन गुंठे विकले गेले आणि कष्टाच्या पैशातून लोकांनी ते घेतले. विडी वळून, कारखान्यात टॉवेल शिवून जमवलेले पैसे होते ते.

गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ मिळाला. क्रम असा: आधी भूखंड नियमित करा, प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याचं शुल्क) आणि विकास शुल्क भरून दाखला घ्या, मगच बांधकामाचा नकाशा दाखल करा. सरकारी जागेवर किंवा आरक्षणावर असलेला भूखंड असा नियमित होत नाही. नोटरीवर घेतलेल्या प्लॉटवर 'परवाना मी काढून देतो' असं कुणी म्हणत असेल तर पैसे देण्याआधी मालकीचे कागद वकिलाला दाखवा.

किल्ल्याजवळ किंवा होटगी रोडला जागा असेल तर वेगळे नियम आहेत?

आहेत. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. तिथल्या जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे बांधकामासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. अंतर स्मारकाच्या हद्दीपासून मोजतात, तटापासून डोळ्याने अंदाज करू नका.

होटगी रोडच्या विमानतळाभोवती उंचीवर मर्यादा आहे. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये उतरवली गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घर दोन मजली असलं तरी आर्किटेक्टला विमानतळाचा उंचीचा रंगीत नकाशा तपासायला सांगा. पाण्याच्या टाकीची आणि मोबाइल टॉवरचीही उंची मोजली जाते.

खाली कारखाना किंवा गोदाम, वर आम्ही राहतो. चालेल का?

पूर्व भागात माग आणि घर एकाच छपराखाली असणं ही तीन-तीन पिढ्यांची पद्धत आहे. तिच्याकडे मी कधी तिऱ्हाइतासारखी बघू शकत नाही. पण मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. त्या दिवसापासून मी अशा जागेत गेले की आधी जिना शोधते.

सूत, टॉवेल, चिंध्या या गोष्टी झपाट्याने पेटतात, आणि ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. म्हणून राहण्याच्या मजल्यावरून खाली उतरणारी वाट कारखान्यातून जाता कामा नये. जिना वेगळा, थेट रस्त्यावर उघडणारा हवा. खिडक्यांच्या ग्रिलला एक तरी उघडणारा भाग हवा, किल्ली घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवी. विजेचं मीटर आणि मेन स्विच जिन्याखाली नको. मागांचा हादरा जिथे आहे तिथे मजला चढवण्याआधी खालच्या सांगाड्याची तपासणी हवी.

कायद्याने म्हणाल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार, ज्या इमारतींना आगीची यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांच्या मालकाने परवानाधारक संस्थेकडून ती तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचं असतं. राष्ट्रीय संहितेत १५ मीटर आणि त्यापुढची इमारत उंच इमारत धरली जाते, तिला अटी आणखी वाढतात.

जिन्याची मापं नकाशात कशाला बघायची?

कारण रोज तुम्ही त्यावरून चढणार आहात. राहत्या घराला पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायची रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. जागा वाचवायला गवंडी शेवटच्या दोन पायऱ्या उंच करून 'बसवतो'. म्हातारी माणसं नेमकी तिथेच पडतात.

जोता तपासणी टाळली तर काय बिघडतं?

जोता म्हणजे घराची बाह्यरेषा जमिनीवर पक्की होण्याची वेळ. या टप्प्यावर एक बाजू फूटभर सरकलेली निघाली तर दुरुस्त करता येते. दोन मजले चढल्यावर तीच चूक पाडापाडी मागते. म्हणून जोता पूर्ण झाल्यावर थांबा, आर्किटेक्टला टेप घेऊन बोलवा, मंजूर नकाशावर प्रत्येक अंतर टिपून घ्या आणि जोता प्रमाणपत्र घेऊनच पुढचं काम करा. ठेकेदार 'माणसं बसून राहतील' म्हणेल. दोन दिवस बसू द्या.

काम चालू असताना बदल करावासा वाटला तर?

बदल करा, सुधारित नकाशा मंजूर करून. आतली भिंत इकडची तिकडे गेली तर ते सहज होतं. खोली वाढली, गच्ची झाकली, जिना फिरवला तर आधी विचारा. शेवटी सगळं एकदम दाखवू म्हणणाऱ्यांची प्रकरणं वर्षानुवर्षं अडकलेली मी पाहिली आहेत.

वापर परवाना घेतलाच नाही तर काय होतं? सगळेच राहतात की.

राहतात, आणि तोपर्यंत काही होतही नाही, जोपर्यंत त्या कागदाची गरज पडत नाही.

आमच्याच घरचं सांगते. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून फ्लॅट घेतला तेव्हा मी शाळेत होते. बांधणाऱ्याने पार्किंगच्या जागी दोन दुकानं काढली होती, नकाशात ती नव्हती. 'वापर परवाना येतोय' असं तो पुढे कित्येक वर्षं सांगत राहिला. मग वडिलांचं मोठं ऑपरेशन आलं. घर तारण ठेवायला बँकेत गेलो तर पहिलाच प्रश्न वापर परवान्याचा. तो नव्हता, कर्ज झालं नाही. आईने पाटल्या मोडल्या. फ्लॅट आमचा, हप्ते आम्ही फेडलेले, आणि चूक खालच्या दोन दुकानांची. या कामात मी आले त्याला ते दिवस बऱ्याच अंशी कारण आहेत.

म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांना सांगते: मंजूर नकाशाची प्रत मागा आणि ती हातात घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा. पार्किंग जागेवर आहे का, बाजूची मोकळी जागा खरंच मोकळी आहे का. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे, नोंदणी लागते, तीही तपासा. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पर्जन्यजल संधारणाची सोय बंधनकारक आहे. पाणी रोज न येणाऱ्या शहरात ती केवळ नकाशावर दाखवलेली नको. पाइप खड्ड्यापर्यंत पोचतो का ते झाकण उघडून बघा. वापर परवान्याच्या वेळी लिफ्टचा परवानाही पाहिला जातो, तो वेगळ्या कायद्याखाली विद्युत निरीक्षकांकडून मिळतो.

परवाना किती दिवसांत मिळायला हवा? मिळाल्यावर किती दिवस चालतो?

एमआरटीपीच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं, पण प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच. या 'मानीव परवानगी'च्या भरवशावर खणाई सुरू करू नका, आधी वकील आणि आर्किटेक्टशी बोला. नामंजुरीविरुद्ध ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना वेळेची मर्यादा आहे, दिरंगाई झाली तर त्यातही अपिलाची सोय आहे. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक आणि निघालेल्या प्रत्येक त्रुटीचं पत्र जपून ठेवा.

परवाना एक वर्षाचा. त्यापुढे मुदतवाढ एकेक वर्षाने, जास्तीत जास्त आणखी तीन वर्षं. मुदत संपून गेल्यावर जाग आली तर नव्याने अर्ज.

खर्च कशाकशाचा?

छाननी शुल्क, विकास शुल्क, पूरक किंवा प्रीमियम एफएसआय घेतला तर अधिमूल्य, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर, शिवाय आर्किटेक्ट आणि अभियंत्याची फी. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती नसलेला खर्च कोणी सांगितला तर तो देऊ नका.

परवान्याविना बांधलंय आणि आता नोटीस आली आहे. काय करू?

पहिलं, नोटीस घ्या. दार लावून बसल्याने मुदत थांबत नाही. दुसरं, जागेवरच्या बांधकामाचा नकाशा करून घ्या आणि काय नियमात बसतं, काय बसत नाही ते वेगळं करा. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. नियमात बसणारा भाग शुल्क आणि दंड भरून वाचू शकतो. जो भाग सामासिक अंतरात किंवा रस्त्यात गेलाय तो स्वतःहून काढलेला बरा, कारण आपण काढताना सांगाडा जपून काढतो, पोकलेन तेवढा जपत नाही.

आणि एक गैरसमज. मालमत्ता कराच्या बिलात अनधिकृत बांधकामाची शास्ती येते. ती भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही, कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय.

आमची इमारत जुनी आहे. तपासणी कधी करायची?

तीस वर्षं उलटली की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. ज्या इमारतींना आता तीस वर्षं होतात त्यांत हद्दवाढीच्या काळात उठलेल्या कितीतरी अपार्टमेंट आहेत. तीस वर्षं व्हायची वाट पाहायलाच हवी असं नाही. स्लॅबच्या खालून गंजलेली सळई दिसली, कॉलमवर उभी भेग आली, टाकीखालचा भाग सतत ओला राहिला, तर लगेच बोलवा. आम्ही हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक यंत्र लावतो, गरज पडली तर काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत पाठवतो. अहवालात 'दुरुस्त करा' आलं तर गिलावा थापून ती भेग झाकू नका. गंज आत चालूच राहतो.

मंजूर नकाशाच सापडत नाही. आता?

महापालिकेच्या नोंदींतून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जात जुना सिटी सर्व्हे नंबर, पेठ, परवान्याचं अंदाजे वर्ष आणि त्या वेळच्या मालकाचं नाव लिहा. आजच्या मालकाच्या नावावरून जुनी फाइल सापडत नाही. नकाशा मिळाला की त्याच्या दोन प्रती काढा, एक घरात ठेवा आणि एक घराबाहेर राहणाऱ्या मुला-मुलीकडे. आणि मिळाल्या दिवशीच तो घेऊन घरभर फिरा, काय वेगळं आहे ते पेन्सिलीने त्यावरच खूण करून ठेवा. दुरुस्तीसाठी माझ्याकडे याल तेव्हा मी आधी तोच कागद मागणार आहे.